युरोपात एकट्याने बॅकपॅकिंग करताना माणसे कशी जोडावीत

एकट्याने युरोप फिरायचे पक्के झाले की बहुतेकांच्या मनात दोन काळज्या घर करतात. पैसे पुरतील का, ही पहिली आणि एकटेपणा खायला उठणार नाही ना, ही दुसरी. पहिल्या काळजीवर हवी तेवढी माहिती मिळते. दुसरीवर मात्र ‘मोकळे व्हा, लोकांशी बोला’ यापलीकडे फारसे कोणी काही सांगत नाही आणि तेवढ्याने अबोल माणसाचे काहीच भागत नाही. माझे मत असे आहे की प्रवासातली मैत्री स्वभावापेक्षा आखणीवर अधिक अवलंबून असते. पहिल्या भेटीत नावगाव कळते, तर त्याच माणसाशी दुसऱ्यांदा गाठ पडली की ओळख घट्ट होऊ लागते. म्हणून अशी दुसरी गाठ पडण्याची शक्यता वाढेल, अशा रीतीने मार्ग, मुक्काम, गाडी आणि जेवण यांचे निर्णय घ्यावेत. पुढची सगळी माहिती याच दृष्टीने दिली आहे.

मार्ग आणि व्हिसा

दोन आठवड्यांत आठ शहरे पाहण्याचा बेत एकट्या प्रवाशाने पहिल्यांदा बाजूला ठेवावा. शहर बदलायचे म्हणजे सामान आवरणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे, नव्या ठिकाणी खोली मिळेपर्यंत थांबणे, अशात अर्धा दिवस सहज जातो आणि त्या धावपळीत कोणाशी धड बोलणे होत नाही. एका गावी किमान तीन रात्री राहावे. पहिली संध्याकाळ थकव्यात जाते, दुसऱ्या दिवशी चार चेहरे ओळखीचे होतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांतल्या कोणाबरोबर तरी बाहेर पडता येते. तिसऱ्या दिवसाआधीच गाव सोडणारा माणूस नेमका फळ धरण्याच्या वेळी निघून जातो.

मार्ग निवडताना अनवट वाटांचा हट्ट निदान पहिल्या खेपेस धरू नये. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट या मार्गावर किंवा लिस्बनहून पोर्तोकडे जाणाऱ्या वाटेवर बॅकपॅकर मंडळी साधारण एकाच दिशेने सरकत असतात. प्रागमध्ये ज्याच्याबरोबर न्याहारी केली तो चार दिवसांनी बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहाच्या गरम पाण्यात समोर उभा दिसला, तर त्यात नवल नाही. पॅरिस आणि रोमसारख्या महानगरांत पाहण्यासारखे इतके असते की जो तो आपापल्या तिकिटांच्या वेळांमागे धावत असतो. त्यामानाने पोर्तो, क्राकोव्ह, ल्युब्लियाना, गेंट, सेव्हिल ही मध्यम आकाराची शहरे मैत्रीला अधिक अनुकूल आहेत, कारण त्यांचा जुना भाग पायी फिरण्याजोगा असतो आणि संध्याकाळी सगळे त्याच दोन-तीन चौकांत येतात. मोठ्या शहरांचे आकर्षण असेल तर ती जरूर पाहावीत, पण मुक्कामाचे जास्त दिवस लहान शहरांना द्यावेत. ऋतूंपैकी मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर चढलेले असतात आणि इटलीत १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास अनेक स्थानिक दुकाने बंद असतात.

व्हिसाचा भाग कोरडा असला तरी त्याचा या आखणीशी थेट संबंध आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. तो २९ देशांत चालतो आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ब्रिटन, आयर्लंड आणि सायप्रस त्यात येत नाहीत. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो आणि दिवस सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. अर्जासोबत राहण्याच्या जागांचे आरक्षणही द्यावे लागते आणि इथे एक पेच उभा राहतो: व्हिसाला ठरलेला कार्यक्रम हवा असतो, तर मैत्रीला मोकळे दिवस हवे असतात. यावर उपाय असा की मुख्य देश आणि तिथले एकूण दिवस प्रामाणिकपणे ठरवून ते पाळावेत आणि आरक्षणे मात्र विनाशुल्क रद्द करता येतील अशीच घ्यावीत. म्हणजे कोणी ‘आमच्याबरोबर पुढच्या गावी चल’ म्हटले, तर नियम न मोडता दोन रात्री इकडच्या तिकडे करता येतात.

मुक्कामाची जागा

हॉस्टेल म्हणजे केवळ स्वस्त खाट, असे समजून निवड करू नये. या व्यवस्थेचा उगमच एकत्र राहण्यात आहे. पायी सहलीला निघालेल्या मुलांना रात्रीपुरता निवारा हवा म्हणून रिशार्ड शिरमान या जर्मन शाळामास्तरांनी ही कल्पना मांडली आणि १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल सुरू झाले. आज त्याच नावाखाली हजार तऱ्हेच्या जागा चालतात, त्यामुळे निवड डोळसपणे करायला हवी.

सर्वांत आधी पाहायचे ते स्वयंपाकघर. ज्या हॉस्टेलात पाहुण्यांना स्वयंपाक करता येतो आणि जेवायला एक लांब सामायिक टेबल असते, तिथे ओळखी आपोआप होतात. स्वयंपाकघर नसलेल्या आणि तळमजल्यावर फक्त बार असलेल्या हॉस्टेलात आवाज पुष्कळ असतो, संभाषण कमी. खोली चार ते आठ खाटांची घ्यावी. सोळा-वीस खाटांच्या खोलीत माणसे एकमेकांकडे पाहतही नाहीत, तर दोन खाटांच्या खोलीत समोरच्याशी पटले नाही तर दुसरा पर्याय उरत नाही. स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्या बहुतेक मोठ्या हॉस्टेलांत असतात. अभिप्राय वाचताना गुणांच्या आकड्यापेक्षा लोक काय लिहितात ते पाहावे. ‘सगळ्यांनी मिळून जेवण केले’, ‘कर्मचाऱ्यांनी संध्याकाळी फिरायला नेले’ अशी वाक्ये वारंवार दिसली, तर थोडे जास्त पैसे मोजूनही तीच जागा घ्यावी. लिस्बनमधील अनेक हॉस्टेलांत रोज रात्री असे सामुदायिक जेवण असते. हॉस्टेलवर्ल्ड या हॉस्टेल-आरक्षणाच्या अ‍ॅपवर त्याच दिवसांत त्याच शहरात येणाऱ्यांशी आधीच बोलता येते, त्याचाही उपयोग करावा.

आता त्या स्वयंपाकघरात संध्याकाळी सातच्या सुमारास काय चालते ते पाहू. चार शेगड्या आणि दहा माणसे असतात. कोणी पास्त्याचे पाणी उकळण्याची वाट पाहत उभा असतो, कोणाला कांदा कापायला सुरी सापडत नसते. फ्रीजमध्ये प्रत्येकाच्या पिशवीवर नाव आणि जाण्याची तारीख लिहिलेली असते आणि बाजूच्या फडताळात, निघून गेलेल्यांनी मागे ठेवलेले मीठ, तेल, अर्धी तांदळाची पिशवी, असे ‘कोणीही घ्या’चे सामान असते. इथे बोलायला विषय शोधावा लागत नाही. ‘तुमचे झाल्यावर ते भांडे मला मिळेल का?’ एवढा प्रश्न पुरतो, कारण भांडे रिकामे होईपर्यंत दोघांनाही तिथेच उभे राहायचे असते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मुद्दाम एका माणसापुरते न रांधता तिघा-चौघांना पुरेल इतके करावे आणि शेजारच्याला सहज विचारावे. जेवणाचे आमंत्रण सहसा कोणी नाकारत नाही, आणि जेवलेला माणूस पुढे बहुधा स्वतःहून भांडी घासायला घेतो. त्या सिंकपाशी टॉवेल आणि ओली ताटे हातात घेऊन जे बोलणे होते, ते बारमधल्या गोंगाटात कधी होत नाही.

आमंत्रण देताना एक पथ्य पाळावे: ते नेमके असावे. ‘कधीतरी भेटू’ म्हणण्याने काही घडत नाही. ‘उद्या दहा वाजता मी नदीपलीकडच्या टेकडीवर चालत जाणार आहे, येणार का?’ असे विचारले, तर समोरच्याला हो किंवा नाही म्हणणे सोपे जाते. नाही म्हटले तरी वाईट वाटून घेऊ नये, कारण प्रवासात प्रत्येकाची तिकिटे आणि दमणूक वेगळी असते. खोलीतली शिस्तही मैत्रीचाच भाग आहे. पहाटेची गाडी असेल तर सामान रात्रीच बांधून ठेवावे, मोठा दिवा लावू नये, फोनवर बाहेर जाऊन बोलावे. स्वतःचे कुलूप बाळगावे, कारण लॉकर असतो पण कुलूप असतेच असे नाही.

पायवाटेवरची सोबत

अबोल माणसाला एकच गोष्ट सुचवायची झाली, तर मी पायी चालण्याची वाट सुचवेन. संपूर्ण युरोपात एकट्याने जाऊन माणसांत परत येण्याची याहून खात्रीची जागा मला माहीत नाही. स्पेनमधील कामिनो दे सांतियागो ही मध्ययुगापासून चालत आलेली यात्रेची वाट आहे. तिचा ‘फ्रेंच मार्ग’ फ्रान्समधील सेंट-झाँ-पिए-द-पोर या गावातून निघतो, पिरेनीज पर्वत ओलांडतो आणि सुमारे ७८० किलोमीटरनंतर सांतियागो दे कोंपोस्तेलाला पोचतो. पूर्ण वाटेला चार ते पाच आठवडे लागतात. तेवढी सवड नसेल तर सारिया गावापासूनचे शेवटचे सुमारे ११५ किलोमीटर पाच-सहा दिवसांत चालता येतात आणि पायी किमान १०० किलोमीटर पूर्ण करणाऱ्याला सांतियागोत यात्रेचे प्रमाणपत्रही मिळते. धार्मिक श्रद्धा असायलाच हवी असे नाही. निघताना ‘क्रेदेन्सिआल’ नावाचे यात्रेकरूचे पुस्तक घ्यावे. ते दाखवून ‘आल्बेर्गे’ या यात्रेकरूंच्या धर्मशाळांत स्वस्तात खाट मिळते आणि प्रत्येक मुक्कामी त्यावर शिक्का मारतात.

इथे मैत्री इतकी सहज का होते, याचे कारण वाटेच्या रचनेत आहे. सगळे एकाच दिशेने, पिवळ्या बाणांच्या मागोमाग, दिवसाला साधारण वीस-पंचवीस किलोमीटर चालतात. त्यामुळे सकाळी पुढे गेलेला माणूस दुपारी कॉफीच्या टपरीवर सापडतो आणि रात्री शेजारच्या खाटेवर असतो. दुसरी, तिसरी, दहावी भेट ठरवावी लागत नाही. चालताना दोघांची नजर समोर असते, त्यामुळे मध्ये शांतता पसरली तरी ती अवघड वाटत नाही. बोलून झाले की चालण्याचा वेग थोडा वाढवून किंवा कमी करून निरोप घेता येतो आणि ‘बुएन कामिनो’, म्हणजे ‘वाट सुखाची होवो’, म्हटले की कोणाला वाईटही वाटत नाही. दुपारी चारच्या सुमारास आल्बेर्गेच्या अंगणात जावे. दोरीवर मोजे वाळत असतात, बूट बाहेर ओळीने मांडलेले असतात आणि कोणी तरी बाकावर बसून तळपायाच्या फोडांवर पट्टी लावत असते. ती पट्टी तुमच्याकडे जास्तीची असेल तर पुढे करा. वाटेवरच्या कित्येक ओळखींची सुरुवात अशा एखाद्या पट्टीनेच होते.

डोंगराची आवड आणि चालण्याचा सराव असेल, तर माँ ब्लाँ पर्वताला वेढा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची वाट आहे. ती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाते आणि साधारण दहा-अकरा दिवस घेते. तिथल्या डोंगरी निवाऱ्यांत रात्रीचे जेवण ठरलेल्या वेळी एकत्र वाढले जाते आणि बसण्याच्या जागा बहुधा निवारा चालवणारेच नेमून देतात, त्यामुळे एकटा आलेला माणूस कधी कोपऱ्यात एकटा जेवत नाही. या निवाऱ्यांचे आरक्षण मात्र कित्येक महिने आधी करावे लागते.

गाड्यांमधला वेळ

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास आहे. तो ठराविक मुदतीत काही निवडक दिवस प्रवास करण्यासाठी घेता येतो आणि २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना सवलत मिळते. पास असला तरी फ्रान्स, स्पेन आणि इटलीतील वेगवान गाड्यांत जागेचे आरक्षण वेगळे पैसे देऊन करावे लागते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील बहुतेक गाड्यांत मात्र तसेच चढता येते. ज्याला ऐनवेळी बेत बदलायची मोकळीक हवी, त्याला मध्य युरोपात पासाचा खरा उपयोग होतो. मोजकेच टप्पे आणि ठरलेल्या तारखा असतील, तर सुटी तिकिटे लवकर काढणे बरेचदा स्वस्त पडते.

चेक आणि हंगेरियन रेल्वेच्या काही गाड्यांत अजून समोरासमोर सहा जागांचे बंद कप्पे आणि रीतसर जेवणाचा डबा असतो. तिथे टेबलावर मोकळी जागा असेल तर विचारून बसावे. फ्रान्स आणि स्पेनमध्ये ब्लाब्लाकार हा पर्यायही आहे. त्यात दूरच्या गावी निघालेला मोटारमालक रिकाम्या जागा देतो आणि प्रवासखर्च वाटून घेतला जातो. मालकाला किती बोलायला आवडते हेही त्याच्या माहितीत नोंदवलेले असते. दोन-तीन तास एखाद्या स्थानिक माणसाच्या शेजारी बसून त्याचे गाव, नोकरी, घरभाडे यांविषयी जे कळते, ते कोणत्याही वाटाड्याकडून कळत नाही. आधीच्या सहप्रवाशांचे अभिप्राय वाचूनच गाडी निवडावी.

तिथल्या रहिवाशांशी ओळख

हॉस्टेलातले मित्र बहुधा प्रवासीच असतात. तिथे राहणाऱ्यांशी मैत्री करायची असेल, तर पर्यटक जिथे जात नाहीत आणि लोक दर आठवड्याला जिथे जमतात, अशा जागी जायला हवे. भाषा-देवाणघेवाणीच्या संध्याकाळी जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाच्या शहरात होतात. स्पेनमध्ये त्यांना ‘इंतेरकांबिओ’ म्हणतात. तिथे इंग्रजी बोलण्याचा सराव हवा असलेले लोक तुमची वाटच पाहत असतात. धावण्याची सवय असलेल्यांसाठी पार्करन हा उपक्रम उत्तम आहे. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेली ही पाच किलोमीटरची विनामूल्य धाव आता जर्मनी, पोलंड, नेदरलँड्स, इटली अशा अनेक देशांत दर शनिवारी सकाळी होते. एकदा ऑनलाइन नोंदणी केली की कोणत्याही गावी भाग घेता येतो आणि धाव संपल्यावर मंडळी बहुधा जवळच्या कॅफेत थांबतात. टिपवर चालणाऱ्या पायी सहली मात्र गावाची ओळख आणि सहप्रवाशांची गाठ यासाठी चांगल्या. त्या ‘मोफत’ म्हणवल्या तरी वाटाड्याची कमाई तेवढीच असते, हे लक्षात ठेवून हात आखडता घेऊ नये.

कोणाच्या घरी राहण्यासाठी काऊचसर्फिंग हे संकेतस्थळ प्रसिद्ध आहे. २०२० पासून ते बहुतेक ठिकाणी सशुल्क झाले. बीवेलकम हे विना-नफा तत्त्वावर चालणारे संकेतस्थळ विनामूल्य आहे. यजमानाला पाठवायचा मजकूर सर्वांना तोच न पाठवता, त्याची माहिती वाचून त्याच्यासाठी म्हणून लिहावा. राहण्या-जेवण्याच्या बदल्यात शेतावर किंवा हॉस्टेलात काम करण्याच्या योजनांबाबत सावध राहावे, कारण पर्यटक व्हिसावर असे काम बिनपगारी असले तरी अनेक देश ते बेकायदेशीर मानतात.

देशोदेशीचा स्वभाव ओळखून वागावे. फिनलंड किंवा उत्तर जर्मनीत अनोळखी माणूस गाडीत गप्प बसला, तर तो शिष्टपणा नसून समोरच्याचा मान राखण्याची रीत असते. तिथे ओळख मंद गतीने होते, पण एकदा झाली की पक्की असते. स्पेनमध्ये रात्रीचे जेवण नऊनंतर सुरू होते, म्हणून सातला उपाहारगृहात जाऊन बसणाऱ्याला फक्त इतर पर्यटक भेटतात. त्या त्या भाषेत नमस्कार, आभार आणि माफी एवढे तीन शब्द येणे आवश्यक समजावे. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना ‘बाँझूर’ न म्हणणे सरळ उद्धटपणाचे मानतात.

विश्वास ठेवताना

मैत्रीला उत्सुक माणूस फसवणाऱ्यांच्या नजरेत लवकर भरतो, म्हणून काही खुणा माहीत हव्यात. रस्त्यात स्वतःहून येऊन चिकटणारी ओळख आणि सामायिक जागेत हळूहळू होणारी ओळख यांत फरक करावा. पॅरिसच्या साक्रे-कर टेकडीवर मनगटावर दोरा बांधून पैसे मागणारे, पर्यटनस्थळी सही मागत कागद पुढे करणारे, बुडापेस्टमध्ये आपण होऊन एखाद्या बारमध्ये नेणारे आणि मग अवाच्या सवा बिल पुढे आणणारे, हे प्रकार जुने आणि सर्वज्ञात आहेत. बार्सिलोनाच्या ला राम्ब्लावर सॅक पुढच्या बाजूला घ्यावी. नव्या मित्राला पहिल्या भेटी सार्वजनिक जागी भेटावे, आपला पेला नजरेआड होऊ देऊ नये आणि कोणाबरोबर कुठे जात आहोत हे घरी एका माणसाला रोज कळवावे. परतीचे भाडे आणि एका रात्रीच्या खोलीचे पैसे नेहमी स्वतंत्र ठेवावेत, म्हणजे कोणाचा सहवास नकोसा वाटला तर तत्काळ बाजूला होता येते. युरोपीय संघातील सर्व देशांत मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो. संघातील एका देशात घेतलेले सिमकार्ड सहसा इतर सदस्य देशांतही जादा शुल्काशिवाय चालते, स्वित्झर्लंडमध्ये मात्र ते गृहीत धरू नये.

पैशांचे व्यवहार मित्रांमध्येही तिथल्या तिथे मिटवावेत. युरोपात बिल आपापले देण्याची पद्धत सर्रास आहे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आग्रहाने सगळ्यांचे बिल भरल्यास समोरच्याला उलट अवघडल्यासारखे होते. त्याऐवजी बाजारातून आणलेली फळे किंवा स्वतः केलेले जेवण वाटावे.

निरोपानंतर

निरोप घेताना फक्त इन्स्टाग्रामचे नाव घेऊन थांबू नये. फोन क्रमांक घ्यावा, त्या नावापुढे गाव आणि कुठे भेटलो ते लिहून ठेवावे आणि एकत्र काढलेले छायाचित्र त्याच रात्री पाठवावे, कारण आठवडाभराने ते पाठवायला संकोच वाटू लागतो. परतीच्या वाटेवर शेवटचे तीन-चार दिवस मोकळे ठेवता आले, तर ते एखाद्या नव्या स्थळासाठी न वापरता वाटेत भेटलेल्या कोणाच्या तरी गावासाठी ठेवावेत. जाण्याच्या किमान आठवडाभर आधी विचारावे, राहण्याची अपेक्षा न धरता जवळच्या हॉस्टेलात खाट घ्यावी आणि त्या माणसाच्या रोजच्या दिवसात जेवढी जागा असेल तेवढीच मागावी. मग ती कामावरून सुटल्यानंतरची एक कॉफी असेल किंवा रविवारची दुपार.